पोफळीच्या पुढे सुई चढते

आमची मारुती आठशे १९९८ ची. अण्णांनी घेतली तेव्हा पांढरी होती. आता तिला पांढरी म्हणणं हा निव्वळ सभ्यपणा. अण्णा गेल्यावर ती माझ्याकडे आली ती दोन चाव्या आणि एका वहीसकट. वहीत प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, किलोमीटर आणि ॲव्हरेज. त्या वहीनेच पुढे माझे पैसे वाचवले.

गेल्या एप्रिलमध्ये आईला घेऊन कराडला निघाले होते. चिपळूणपासून पोफळीपर्यंत इंजिनाच्या तापमानाची सुई नेहमीच्या जागी, अर्ध्याच्या जरा खाली. कुंभार्ली घाट लागला, दुसऱ्या गिअरवर आले आणि चार-पाच वळणांत सुई उठली ती लाल रेघेपाशीच गेली. बोनेटच्या फटीतून वाफ. कठड्यावरची माकडं आमच्याकडे फार आस्थेने बघत होती. मागून आलेला एक ट्रकवाला थांबला. "ताई, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका, तोंडावर उडेल. पाऊण तास बसा गप. आणि परत चढायला लागली तर हीटर फुल्ल सोडा." हीटरचं ऐकून आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो हसायलाच लागला. पण खरंच, रेडिएटर म्हणजे इंजिनाचं गरम पाणी गार करणारी जाळी, आणि हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. इंजिनाची थोडी उष्णता तो आपल्या अंगावर सोडतो. एप्रिलच्या दुपारी हीटर लावून आम्ही मायलेकी घामाने निथळत कोयनानगरला पोचलो. "अण्णांच्या वेळी कधी तापली नाही हो," आई तीनदा म्हणाली.

पहिल्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून माझ्या हातात ठेवला. "बाई, हा आपल्याकडे लागतच नाही. थंड मुलखातलं काम ते." मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे हे ऐकून घेणं जड गेलं. घरी आल्यावर तो थर्मोस्टॅट पातेल्यात दोऱ्याने लटकवला, गॅस लावला आणि प्रयोगशाळेतला थर्मामीटर पाण्यात सोडला. थर्मोस्टॅटवर ८२ आकडा कोरलेला आहे, म्हणजे ८२ अंश. ८२ च्या आसपास झडप हलली, मग सावकाश उघडत गेली आणि पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडली. म्हणजे बिचारा ठणठणीत होता. तो काढल्यावर सपाटीला सुई वर येईना, इंजिन गारच राही, ॲव्हरेज लिटरमागे दोन किलोमीटरने पडलं (वही!), आणि घाटात गाडी तापायची ती तापलीच.

दुसऱ्याने बोनेट उघडून लगेच सांगितलं, हेड गॅस्केट गेलंय, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं झाकण (हेड) यांच्यामधली पट्टी. हेड उतरवायचं, घासून सपाट (फेसिंग) करायचं, बारा हजार धरून चला. हेड ॲल्युमिनियमचं, जास्त तापलं की वाकतं, हे खरं. पण गॅस्केट गेल्याची काही लक्षणं असतात की नाही? डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ चहासारखं झालेलं नव्हतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. गार गाडीचं झाकण काढून इंजिन चालू केलं तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येत नव्हते. मी विचारलं, "गाडी कधी तापते हे तुम्ही विचारलंच नाहीत." तो म्हणाला, "तापते ना? मग झालं."

झालं कसं? गावात ट्रॅफिकमध्ये तापत असेल तर आधी पंखा बघायचा. आमचा पंखा उभ्या गाडीत दहा मिनिटांनी बरोबर लागत होता आणि बंदही होत होता. महामार्गावर ऐंशीने जाताना काहीच तक्रार नाही. फक्त चढावर, म्हणजे इंजिनावर जोर आणि समोरून वारा कमी, अशा वेळीच. अण्णांच्या वहीची मागची पानं कोरी होती, तिथे मी रोज सकाळी पाण्याची पातळी लिहायला लागले.

आठव्या दिवशी दोन गोष्टी नजरेत भरल्या. बाजूची प्लास्टिकची बाटली काठोकाठ, आणि रेडिएटरमध्ये मात्र अर्धा लिटर पाणी कमी. आणि रेडिएटरचा वरचा होज पाइप चेपलेला, कोणीतरी मुठीत धरून पिळल्यासारखा. झाकण फिरवलं तर आधी हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि तो पाइप माझ्यासमोर टुम्मकन गोल झाला.

रेडिएटरच्या झाकणात दोन झडपा असतात. मोठी कुकरच्या शिट्टीसारखी, दाब धरून ठेवते. आमच्या झाकणावर ०.९ लिहिलंय, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा (बारमध्ये) जास्त दाब असला की आतलं पाणी शंभर अंशांना नाही, ११९ च्या आसपास उकळतं. त्यावर दाब गेला तर जास्तीचं पाणी बाटलीत जातं. छोटी झडप उलट कामाची: इंजिन गार झालं, पाणी आकसलं की ती उघडते आणि बाटलीतलं पाणी परत आत येतं. आमची छोटी चिकटून बसली होती. पाणी बाहेर जायचं, परत यायचं नाही, आणि आतल्या पोकळीने होज चेपायचा. मोठीची स्प्रिंग इतकी मऊ झाली होती की अंगठ्याने सहज दबत होती.

नवीन झाकण १८० रुपयांना मिळालं. थर्मोस्टॅटही परत बसवून घेतला. मेकॅनिकने डोळे फिरवले, फिरवू देत.

पुढच्या रविवारी एकटीच घाटात गेले. वाफ नाही, पाणी नाही गेलं. पण वरच्या वळणांवर सुई तरीही पाऊण जागेपर्यंत आलीच. म्हणजे झाकण गुन्हेगार होतं, पण एकटं नव्हतं.

बहादूरशेख नाक्याजवळ एक म्हातारे रेडिएटरवाले बसतात. पितळी रेडिएटरला डाख लावण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी विचारलेला पहिलाच प्रश्न, "बाई, गाडी पुरात होती काय?"

होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळूणात आमच्या गल्लीत आली तेव्हा गाडी बोनेटपर्यंत पाण्यात होती. नंतर ऑइल बदललं, कार्बोरेटर खोलला, सीट गच्चीवर वाळवले. रेडिएटरकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण तो गळत नव्हता.

त्यांनी टॉर्च पंख्याच्या बाजूने लावला आणि मला पुढून बघायला सांगितलं. उजव्या वरच्या कोपऱ्यात बारीक जाळीतून उजेड आला. बाकी सगळी भिंत. जाळीच्या बारीक पट्ट्यांमध्ये गाळ बसून वीट झाला होता. सपाटीला उरलेल्या कोपऱ्यावर निभत होतं, घाटात नाही.

रेडिएटर उतरवून त्यांनी आतून-बाहेरून साफ करायला घेतला. पंख्याच्या बाजूने, म्हणजे गाळ शिरला त्याच्या उलट दिशेने, बारीक धार. जोराची धार मारली तर पट्ट्या आडव्या होतात, म्हणाले. आधी काहीच निघेना. मग तांबूस, मग काळपट पाणी यायला लागलं आणि त्याबरोबर तो वास. पूर ओसरल्यावर महिनाभर घरात होता तोच, डिझेल आणि कुजलेल्या धान्याचा. आई स्टुलावर बसली होती. तिने पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "आपल्या तांदळाची कोठी." ते गृहस्थ धार न थांबवता म्हणाले, "आमचीपण गेली हो."

मे महिन्यात पुन्हा कराड. वहीत नोंद आहे: कुंभार्ली, दुसरा गिअर, दुपारी दोन, आई मागे झोपलेली. सुई अर्ध्याच्या केसभर वर. हीटर बंद.