फार गोड

'चहा फार गोड झालाय' ही तक्रार आणि 'पोर फार गोड आहे' हे कौतुक. 'फार' तोच, पण मराठी माणूस कधी गोंधळत नाही. इंग्रजीने मात्र या दोन कामांना दोन माणसं नेमली आहेत. कौतुकाला 'व्हेरी', तक्रारीला 'टू'. बिघडलेला चहा 'टू स्वीट'.

आपण काय केलं, तर 'टू'ला 'व्हेरी'चा थोरला भाऊ करून टाकलं. कॉलेजच्या कट्ट्यावर 'टू गुड यार!' म्हणजे तारीफच असते. गंमत म्हणजे शाळेत याच 'टू'वर आपण वह्या भरल्यात. 'रिमूव्ह टू' हा प्रश्न आठवतोय? 'ही इज टू वीक टू वॉक'चं 'ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक' करायचं. 'टू'च्या पोटात एक 'कॅनॉट' दडलेला असतो, हेच त्या प्रश्नातून शिकायचं होतं. आपण मार्क घेतले आणि मोकळे झालो.

'व्हेरी' मुळात जुन्या फ्रेंचमधल्या 'खरा' या अर्थाच्या शब्दातून आला. 'द व्हेरी सेम डे'मध्ये तो जुना अर्थ अजून तग धरून आहे. बाकी ठिकाणी घासून घासून त्याचा नुसता जोर उरला. 'टेरिबली' आणि 'ऑफुली'चंही तेच. त्यांच्यातली भीती केव्हाच पळाली. यावर हसण्यात अर्थ नाही, आपल्यालाही गाणं 'भयंकर' आवडतं.

'व्हेरी बेटर' चालत नाही, तिथे 'मच बेटर'च लागतं, हे पाठ करून भागतं. जोड्यांचं तसं नाही. आपला काळोख कुट्ट, तसा त्यांचा 'पिच डार्क'; आपली झोप गाढ, तर तिकडचा माणूस 'फास्ट अस्लीप'. आपलं हिरवंगार नि पिवळंधमक परक्याला कुठल्या नियमाने शिकवणार?

पण खरा बेरकी शब्द 'क्वाइट'. अमेरिकन साहेबाने काम 'क्वाइट गुड' म्हटलं तर खुशाल पेढे वाटावेत. ब्रिटिश साहेब तेच म्हणाला तर बहुतेक वेळा अर्थ 'बरंय, चालेल' एवढाच. आपल्या पुणेरी 'ठीक आहे'च्या जवळचा. म्हणून ब्रिटिशांचा 'क्वाइट' नेहमीच हात आखडता घेतो असं समजाल, तर तेही नाही. रजा मागितल्यावर तोच साहेब 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणाला, तर तिथे 'क्वाइट' म्हणजे शंभर टक्के.