पंचेचाळीस डायऱ्या आणि तांब्याची तार

खोकं उघडलं आणि मी पहिली डायरी सरळ नाकाला लावली. चामड्याचा वास आला. तो वास वेगळा मिळतो आणि रेक्झिनवर मारताही येतो, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं.

पंचेचाळीस डायऱ्या, प्रत्येकीवर एक नाव, आणि कार्यक्रम परवा संध्याकाळी. लेझरने नावं कोरून द्यायचा धंदा सुरू करून तीन महिने झाले होते. तोवरची माझी सगळ्यात मोठी ऑर्डर म्हणजे सहा लाकडी की-चेन. ही ऑर्डर घेऊन आलेले सर एका कार्यालयाच्या प्रशासन विभागातले. खोकं टेबलावर ठेवत म्हणाले, "डायऱ्या आम्ही आणल्यात मॅडम, तुम्ही फक्त नावं टाकायची." 'फक्त' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापासून सावध राहायचं, हे अकरा वर्षं डीटीपी करून मला कळायला हवं होतं. पण आधी 'हो' म्हटलं आणि मग नीट ऐकलं.

मशीनबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं मशीन डायोड लेझरचं. जाहिरातीत चाळीस वॉट असं ठळक छापलं होतं. घरी आल्यावर माहितीपत्रकातल्या बारीक अक्षरांत सापडलं की चाळीस म्हणजे ते वीज किती खातं. प्रत्यक्ष प्रकाशाची ताकद दहा वॉट. पण दहाही वाईट नाही. तीन मिलिमीटरचं प्लायवूड कापतं, लाकूड आणि चामडं छान जाळतं. पहिल्या आठवड्यात मात्र मी भलताच घोळ घातला होता. कुणाच्या तरी तक्त्यात वेग ५० लिहिला होता, तो मी तसाच भरला. त्यांचा आकडा सेकंदाला मिलिमीटर, माझं सॉफ्टवेअर मोजतं मिनिटाला. म्हणजे साठपट हळू. लेझर एकाच जागी रेंगाळला, धूर झाला, ज्योत उठली आणि पाटीला आरपार भोक पडलं. तेव्हापासून मशीन चालू असताना मी खोलीबाहेर जात नाही. फोन वाजला तर वाजू देते.

तर डायरी. थेट मुखपृष्ठावर काहीही करायचं नाही हा नियम तेवढा पाळला. एका डायरीला बंद करायची फडकी (फ्लॅप) होती, तिच्या आतल्या बाजूला नखाएवढा चौकोन जाळायला लावला. काचेआड निळा ठिपका सरकायला लागला आणि चार-पाच सेकंदांत घशाला काहीतरी टोचलं. खरं चामडं जळलं की केस जळल्यासारखा वास येतो. शेवटी ते कातडंच. हा वास तसा नव्हता. संडास धुवायच्या ॲसिडची बाटली उघडल्यावर नाक आकसतं ना, तसा होता. मी बटण दाबून मशीन थांबवलं, पंखा पूर्ण सोडला आणि खिडकीत जाऊन उभी राहिले.

परत येऊन भिंग धरून चौकोन बघितला. चामड्यावर कडा कोरडी, तपकिरी आणि चरचरीत येते. इथे कडेला काळा चिकट वळ उठला होता, वितळून गोळा झाल्यासारखा. बोटाला लागला तर ताणला गेला.

संशय पीव्हीसीचा, म्हणजे रेक्झिनवर जो प्लॅस्टिकचा थर असतो त्याचा होता. पीव्हीसीत वजनाच्या निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. तापलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि ओलसर हवा मिळाली की त्याचं होतं हायड्रोक्लोरिक ॲसिड. तुमच्या घशात, डोळ्यांत आणि मशीनच्या रुळांवर, बेअरिंगांवर, भिंगावरसुद्धा. पण संशयावर ऑर्डर परत करायला धाडस लागतं. खात्री हवी होती.

खात्री करायची रीत फार जुनी आहे. बाइलस्टाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८७२ साली सांगितलेली. तांब्याची तार तापवायची, वस्तूला टेकवायची, तार पुन्हा ज्योतीत धरायची. क्लोरीन असेल तर ज्योत हिरवी होते. भाच्याने जुन्या वायरचा तुकडा सोलून आणला, मी पकडीत धरून गॅसवर तापवला, आणि काहीही न टेकवताच ज्योत हिरवीगार! क्षणभर दोघंही बावळटासारखे एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्याच्या लक्षात आलं: तारेवरचं वेष्टण नीट निघालं नव्हतं, आणि वायरचं वेष्टणही पीव्हीसीचंच असतं. तार सँडपेपरने घासून लख्ख केली, निळ्या ज्योतीत लालबुंद केली. आता हिरवं काही नाही. मग फडकीच्या टोकाची बारीक चिंधी कापून तिला तार टेकवली, चर्र झालं, आणि तार परत ज्योतीत धरली.

हिरवी. मोरपंखाच्या डोळ्यासारखी, कडेला निळसर. दुसऱ्यांदा केलं, तरी हिरवीच.

खरं सांगते, फोन उचलायच्या आधी दहा मिनिटं मी हिशेब करत बसले होते. खिडक्या सताड उघडल्या, ताकद कमी ठेवली, वेग वाढवला, मास्क लावला, तर? एका नावाला दोन मिनिटं, म्हणजे दीड तासाचा मामला. मशीनचे हप्ते चालू होते. शिवाय असं काम करून देणारे आहेत हेही ठाऊक होतं. पण साधा कापडी मास्क वायू अडवत नाही. आणि भाचा तिथेच स्टुलावर बसला होता, त्याच्या घशात मगाशीच खवखव सुरू झाली होती. मी फोन लावला.

"सर, हे चामडं नाहीये. यावर लेझर चालवता येणार नाही."

"अहो, खोक्यावर लिहिलंय. जेन्युइन लेदर."

"तुम्ही इकडे येऊन बघाल का?"

सर आले ते रागातच. मी काही बोलले नाही, त्यांच्यासमोर तार पुन्हा घासली, तापवली, टेकवली. हिरवी ज्योत बघून ते जरा वेळ गप्प झाले. मग खोक्यावरचं लेबल अंगठ्याने खरवडायला लागले, जणू खाली खरं नाव सापडणार होतं. राग माझ्यावरचा उतरून पुरवठादाराकडे वळला हे दिसत होतं, पण कार्यक्रम काही पुढे ढकलला जाणार नव्हता.

"मग पारदर्शक ॲक्रिलिकच्या पट्ट्या करून लावा," ते म्हणाले. कल्पना चांगली होती, माझ्या मशीनला मात्र झेपणारी नव्हती. माझा निळा प्रकाश साधारण ४५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा. पारदर्शक ॲक्रिलिकमधून तो खिडकीतून ऊन यावं तसा आरपार जातो, वर ओरखडाही उठत नाही. त्यासाठी कार्बन डायऑक्साइड लेझर लागतो, १०,६०० नॅनोमीटरचा. आपल्याकडे इंजिनिअरिंग करून गेलेल्या कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत शोधलेला. तो काच आणि ॲक्रिलिक दोन्ही हाताळतो. तो घ्यायची माझी ऐपत अजून नव्हती.

माझ्याकडे होतं ते कपाटात पडलेलं एक पाकीट: काळ्या ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची शंभर कार्डं, ८६ बाय ५४ मिलिमीटर, पोस्टकार्डाहून पातळ. सरावासाठी घेतली होती. ॲनोडाइझ करताना पृष्ठभागावर बारीक छिद्रांचा थर बनतो आणि रंग त्यात मुरतो. लेझर तो रंग उडवतो, धातू तसाच राहतो. काळ्यावर रुपेरी अक्षरं उमटतात आणि नखाने खरवडून जात नाहीत. एकावर 'नमुना' लिहून दाखवलं. सरांनी ते उजेडात तिरकं धरलं आणि म्हणाले, "हे तर आधीच्यापेक्षा बरं दिसतंय की." मीही तेच म्हणणार होते, पण गिऱ्हाइकाने म्हटलेलं जास्त चांगलं.

कार्डं आडवी अर्धी कापली, पेपर कटरवर. पात्याची धार गेली ती गेलीच. टेपने चिकटवायचा मोह टाळला. रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि डिंक सोडवतं. दोन टोकांना भोकं पाडून आयलेट, म्हणजे धातूच्या पोकळ कड्या, ठोकायचं ठरलं. ते भाच्याकडे.

नावांची यादी आली ती जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोड नव्हे. माझ्याकडे उघडल्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसत होता. कन्व्हर्टरने बदलली, तरी डोळ्यांनी एकेक नाव तपासलं. लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप केलं तर पहिली वेलांटी पळून अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. म्हणून मी नावं इंकस्केप नावाच्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिते आणि अक्षरांची बाह्यरेषा करून मगच पुढे नेते. डीटीपीची सवय, प्रेसला फाइल देताना आम्ही हेच करायचो.

पहिली पट्टी निघाली. अक्षरं सुबक, वेलांट्या जागच्या जागी. पण शिरोरेषेवर, दोन अक्षरं जिथे जुळतात तिथे, बारीक काळी खिडकी. प्रत्येक सांध्यावर एक. दात पडल्यासारखी ओळ. कारण शोधायला अर्धा तास गेला. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात, आणि छपाईत ते कधी दिसत नाही. लेझरचं सॉफ्टवेअर मात्र एकावर एक आलेला भाग 'आतलं भोक' समजून सोडून देतं. सगळी अक्षरं एकत्र सांधून एकच आकृती करायची, की खिडक्या बुजतात. पंचेचाळीस नावं, पंचेचाळीस वेळा. इतकी वर्षं मराठी अक्षरं जुळवली, पण शिरोरेषेला असे सांधे असतात हे त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं.

सगळ्या नावांचा कागद काढून सरांची सही घेतली. सही करताना त्यांचं पेन एका 'हृषीकेश'वर थांबलं. "हा स्वतः ऋषिकेश लिहितो." बरोबर काय, हा वाद मी घातला नाही. ज्याचं नाव त्याचं शुद्धलेखन.

पुठ्ठ्यात दहा खाचांचा साचा कापला. दहा पट्ट्या बसवायच्या, चष्मे चढवायचे, सुरू. एका पट्टीला साडेतीन मिनिटं. भाचा दोनदा नारिंगी चष्मा कपाळावर सरकवून आत डोकावला आणि दोन्ही वेळा बोलणी खाल्ली. धातूवरून उलटलेला किरण कुठे जाईल याचा नेम नसतो. पहाटे दोनला शेवटची पट्टी झाली. सकाळी नऊपासून टकटक, दोन-दोन आयलेट. फडकी कापलेली डायरी मी बाजूला ठेवून तिचे पैसे बिलातून वजा केले होते. सरांनी ती उचलली, म्हणाले, "ही माझ्या नावाची करा. फडकी नाहीतरी मध्येच येते."

काही महिन्यांनी टपालाने एक पाकीट आलं. आत दोन इंचांची तपकिरी पट्टी, पिनने टोचलेली चिठ्ठी: 'मॅडम, यंदाच्या डायऱ्या अजून घेतलेल्या नाहीत. आधी हे जाळून बघा.'

तार घासली. हिरवं काही आलं नाही. टोक नुसतंच ज्योतीत धरलं, तेव्हा खोलीभर केस जळल्याचा वास सुटला.