लातूरला बघायचं काय?

‘लातूरला? तिथे बघायला काय आहे?’ दादर-गिरगावात हा प्रश्न हमखास येतो. लातूर म्हणजे तूरडाळीची पेठ. विचारणाऱ्याच्या घरी रोज त्याच डाळीचं वरण शिजतं, तरीही येतो.

सीएसएमटीहून रात्रीची गाडी धरली की सकाळी लातूर. नाष्ट्याला चुरमुऱ्यांची सुशीला खावी आणि गंजगोलाई गाठावी. मधोमध गोल दुमजली इमारत, तिच्यात देवीचं मंदिर आणि तिथून फुटणारे १६ रस्ते. एकावर सराफ, एकावर चपला, एकावर गूळ-मिरची. ही गोलाई १९१७ची; बार्शी लाइट या नॅरोगेज रेल्वेची छोटी गाडी लातूरला पोचली १९११ला. रेल्वेमागून बाजार येतोच, तेव्हा ही दोन सालं शेजारीशेजारी आली यात नवल नाही. आत शिरताना कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी लक्षात ठेवा. इमारत चहूबाजूंनी सारखीच दिसते आणि नवखा माणूस हटकून भलत्याच रस्त्याने बाहेर पडतो.

खरं लातूर मात्र मार्केट यार्डात, तेही हंगामात. सोयाबीन दसरा-दिवाळीला, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. मे महिन्यात जाऊन ‘काहीच नव्हतं’ म्हणू नये. आडतीपुढे, म्हणजे दलालाच्या गाळ्यापुढे, ढीग पडलेले असतात. खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एक दाणा दाताखाली धरतो. कट्कन तुटला तर वाळलेला, दबला तर ओला. ओलावा मोजायचं मशीन आहेच, पण आधी दात. सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा साधारण १२ टक्के धरतात. पावसात सापडलेला माल २० टक्क्यांवर आला, तर क्विंटलमागे नऊ किलो नुसतं पाणी. भाव पडतो तो या नऊ किलोंसाठी, आणि उद्या बुरशी धरेल या भीतीने थोडा जास्तच. शेतकऱ्याला थांबून वाळवायला ना जागा, ना सवड. सौदा चालू असताना मध्ये बोलू नका. हमालांच्या वाटेत तर अजिबात उभं राहू नका.

एमआयडीसीतली एखादी डाळमिल आधी विचारून बघावी. तुरीचं साल आतल्या दळाला (ज्याची डाळ होते त्या भागाला) डिंकासारख्या थराने चिकटलेलं असतं, म्हणून सगळा खटाटोप. आधी दाणे घासून सालाला चरे पाडायचे, तेलाचा हात लावायचा, पाणी शिंपडून मुरवायचं, मग वाळवायचं. मुरवण्यात घाई झाली की साल सुटत नाही. जोर लावावा तर डाळीच्या कडा झडतात आणि तुकडा वाढतो. १०० किलो तुरीची डाळ उतरते ७० ते ७५ किलो. साल आणि चुनी (डाळीचा चुरा) जाते जनावरांच्या दावणीला.

दुपारी निलंगा राईस, म्हणजे निलंग्याचा भात, तिखट सोसत असेल तर.

येताना डाळ घ्यायची तर बिनपॉलिशची मागा. चकाकी कमी, पण वरून तेल-पाण्याचा मुलामा नाही. पाच किलो पुरे. पावसाळ्याच्या तोंडावर घेतलीत तर घरी आल्यावर दोन दिवस कडक ऊन द्या, पूर्ण गार झाली की मगच डब्यात भरा. गरम भरलीत तर झाकणाला आतून घाम येतो, आणि मुंबईच्या दमट हवेत पोरकिड्यांना तेवढंच हवं असतं.