अठरावरून सतरावर: स्पोर्टी गाडीची चाकं लहान केली त्याचा अनुभव

माझी गाडी हॉट हॅचबॅक, म्हणजे ताकदवान इंजिनची छोटी गाडी. कंपनीतून आली तेव्हा तिच्यावर १८ इंची अलॉय (मिश्रधातूचे रिम) होते, टायर २२५/४० आर१८. या टायरची साइडवॉल, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची, २२५ मिमी रुंदीच्या ४० टक्के, जेमतेम ९० मिमी. गुळगुळीत रस्त्यावर गाडी मस्त चालते, पण तीक्ष्ण कडेचा खड्डा आला की दणका थेट रिमवर जातो. एका रिमची आतली कड वाकली, ती सरळ करून घेतली. मग दुसऱ्या रिमची वाकली. तेव्हा ठरवलं, आता चाकं १७ इंची करायची.

टायर कोणता घ्यायचा हे ठरवायला थोडं गणित लागतं, आणि ते प्रत्येकाने स्वतः करावं असं मला मनापासून वाटतं. रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात साइडवॉलच्या दुप्पट मिळवायची. २२५/४० आर१८ चा बाहेरचा व्यास येतो ६३७ मिमी आणि २२५/४५ आर१७ चा ६३४. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. स्पीडोमीटर १०० दाखवत असेल तेव्हा खरा वेग आधीपेक्षा जेमतेम अर्धा किलोमीटर कमी असतो, म्हणजे चूक सुरक्षित बाजूला जाते. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोललाही काही फरक पडत नाही. याउलट २०५/५० आर१६ घेतला असता तर व्यास ६११ मिमी झाला असता, चार टक्के कमी. तेवढ्याने स्पीडोमीटर चुकतो, गाडी खाली बसते आणि गिअरिंगही बदलतं.

साइडवॉल ९० वरून १०१ मिमी झाली. आकडा किरकोळ दिसतो, पण रिम आणि खड्ड्याच्या कडेमध्ये एक सेंटिमीटर जास्त रबर आणि हवा आली. चाकं लहान करायची ती त्याच सेंटिमीटरसाठी.

२०५/५५ आर१६ चा व्यासही ६३२ मिमी, तोही चालण्यासारखा. टायर स्वस्त, साइडवॉल आणखी उंच, म्हणून मन तिकडे ओढ घेत होतं. पण तिथे ब्रेक आडवा आला. माझ्या गाडीची पुढची डिस्क ३४० मिमीची. चाक काढून हबच्या (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग) मध्यापासून कॅलिपरच्या (डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग) सगळ्यात बाहेरच्या टोकापर्यंत मोजलं तर १९५ मिमीच्या आसपास भरलं. १६ इंची रिमवर टायरची बीड, म्हणजे आतली घट्ट कड, बसते तिथली त्रिज्या २०३ मिमी. त्यातून धातूची जाडी आणि रिमच्या मधली खोलगट घळ वजा केली की कॅलिपरला जागाच उरत नाही. स्पोर्टी गाडी घेताना मोठा ब्रेक आपण हौसेने घेतो. चाक किती लहान करता येईल हे मग तोच ठरवतो.

१७ इंची आहे म्हणजे बसेलच, असंही नाही. दोन वेगळ्या डिझाइनचे १७ इंची अलॉय शेजारी ठेवून पाहा. एकाच्या आऱ्या हबपासून बाहेर फुगत जातात, दुसऱ्याच्या सपाट असतात. सपाट आऱ्यांची पाठ कॅलिपरच्या तोंडाला टेकू शकते. म्हणजे तपासणी दोन ठिकाणी करायची: कॅलिपरच्या डोक्यावर रिमच्या नळकांड्याशी आणि कॅलिपरच्या तोंडाशी आऱ्यांच्या पाठीशी. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारा भाग किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे ते माप. तो कमी घेतला तर दुसऱ्या ठिकाणची फट वाढते, पहिल्या ठिकाणची मात्र तेवढीच राहते.

चांगले रिम बनवणारे कॅलिपरच्या जागेचा नकाशा देतात. तो खऱ्या मापात छापून मी जाड पुठ्ठ्यावर चिकटवला, कापला आणि चाक काढून हबवर धरला. पुठ्ठा कॅलिपरवरून कुठेही न घासता फिरला, डोक्यावर तीनेक मिमी जागा राहिली, तेव्हाच रिमची ऑर्डर दिली. छापताना प्रिंटर कागदाच्या मापात बसवायला चित्र लहान करतो, म्हणून नकाशावरची मोजपट्टी खऱ्या पट्टीशी ताडून घ्या.

बाकीची मापं: ५ बोल्ट, ११२ चा पीसीडी (बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिमीमध्ये), सेंटर बोअर म्हणजे मधलं भोक ५७.१. बाहेरच्या रिमचं मधलं भोक बहुधा मोठं असतं, त्यात हब रिंग घालून ते गाडीच्या हबइतकं करायचं. रिंग नसेल तर चाक मध्यावर बसायला केवळ बोल्टांच्या भरवशावर राहतं आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. मूळ ऑफसेट ५१ होता, नवीन रिमचा ४५, रुंदी तीच साडेसात इंच. म्हणजे चाक ६ मिमी बाहेर आलं. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि मागे माणसं बसवून पाहिलं, कुठे घासत नाही.

टायरवरचा लोड इंडेक्सही, म्हणजे टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा, बघा. मूळ टायरवर ९२ होता, म्हणजे एका टायरला ६३० किलो. २२५/४५ आर१७ मध्ये साधा ९१ चा टायर मिळतो, तो ६१५ किलोचा. मी ९४ चा एक्स्ट्रा लोड घेतला, ६७० किलोचा. भार पेलण्याची क्षमता मूळ टायरपेक्षा कमी करू नये. स्पीड रेटिंगचंही, म्हणजे टायर किती वेगापर्यंत चालतो त्याच्या खुणेचंही, तेच.

आता बोल्ट. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो घालवायलाच हवा. माझ्या गाडीचे मूळ बोल्ट गोल बुडाचे, म्हणजे डोक्याखालचा भाग चेंडूसारखा वळलेला. बाजारातल्या बहुतेक रिमना ६० अंशांचा शंकूसारखा बूड लागतो. दोन्हींचे आटे एकच, एम१४ बाय १.५, त्यामुळे जुना बोल्ट नव्या रिममध्ये मुकाट आत जातो, आवळला जातो, पानाही घट्ट लागतो. पण गोल बूड शंकूच्या भोकात एका बारीक गोल रेषेवरच टेकतं. अशी पकड सुटू शकते. मी जुना आणि नवा बोल्ट टायर बसवणाऱ्या दादांच्या तळहातावर शेजारी ठेवले. त्यांनी दोन्ही फिरवून पाहिले आणि म्हणाले, "जुने डब्यात टाका, इथे पानासुद्धा लावू नका." नवीन बोल्ट हाताने आत फिरवताना फेरे मोजले. या आट्याला सात-आठ पूर्ण फेरे बसायला हवेत.

बसवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून घेतला, म्हणजे रिम सपाट टेकतो. बॅलन्सिंग करणाऱ्यांना आधीच सांगितलं की चिकटवायची वजनं रिमचा जो पट्टा कॅलिपरवरून फिरतो त्यात लावू नका. फट तीन मिमीची, वजनाची जाडीही जवळपास तेवढीच. बोल्ट टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराइतकंच आवळायचा पाना) १२० न्यूटन-मीटरला, एकाआड एक ताऱ्याच्या क्रमाने आवळले. हवेच्या गनने नाही. शंभरेक किलोमीटरच्या आत पुन्हा टॉर्क तपासला, एक बोल्ट किंचित फिरला.

माझ्या गाडीत हवेचा दाब चाकांच्या फिरण्यावरून ओळखला जातो, म्हणून मेनूतून रिसेट पुरला. ज्यांच्या व्हॉल्व्हमध्ये सेन्सर असतात त्यांनी ते नव्या रिममध्ये घालून घ्यावेत. विमा कंपनीला बदल कळवला. आपापल्या ठिकाणचे नियमही आधी पाहावेत.

चालवायला कशी? वळणात शिरताना स्टिअरिंगला उत्तर मिळायला आधीपेक्षा कणभर वेळ लागतो, हे खरं. पण वळणाच्या मध्यात रस्ता उखडलेला असेल तर आता गाडी उडी मारत नाही, टायर रस्ता धरून राहतो आणि मी जास्त विश्वासाने ॲक्सिलरेटर देतो. नवीन रिम फ्लो फॉर्मिंगचे (ओतलेला रिम फिरवत दाबून पातळ करायची पद्धत), मूळच्यांपेक्षा हलके. ते हातात उचलतानाच कळलं होतं, आणि लहान खाचखळग्यांवर सस्पेन्शन आता जास्त चपळ वाटतं. दिसायला चाकाच्या कमानीत थोडं जास्त काळं रबर दिसतं. मला ते आवडतं.

एक गोष्ट राहिली. डिकीतलं स्पेअर चाक कंपनीचंच आहे, त्याला गोल बुडाचेच बोल्ट लागतात. म्हणून जुन्या बोल्टांपैकी पाच पिशवीत बांधून, "फक्त स्पेअरसाठी" अशी चिठ्ठी लावून स्पेअरच्या खोबणीत ठेवलेत. रात्री रस्त्यात चाक बदलायची वेळ आली आणि गाडी घरातलं दुसरं कोणी चालवत असलं, तरी योग्य बोल्ट हाताशी येतील.