बाटली पांढरीच राहिली

श्रावणातली गोष्ट. तीन दिवस ऊन पडलं नव्हतं. पहाटे सव्वापाचला फोन वाजला. "मॅडम, तळ्यात कुणीतरी औषध टाकलंय. मासे मरायलेत."

मत्स्यपालनाचा सल्ला देणं हे माझं काम. त्या शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ आमच्याच सल्ल्यानं सोडलेले. सहाच्या आत पोचले तेव्हा तात्या काठावर बसून भावकीतल्या एकाचा उद्धार करत होते. बांधाचा जुना वाद. पाण्यावर कटले पोट वर करून पडलेले. जे जिवंत होते ते तोंड बाहेर काढून मचमच करत होते.

मेलेले बहुतेक किलोच्या वरचे. काठाला बारके मासे जिवंत, पाणकिडे तर मजेत. कीटकनाशक किड्यांना सोडून कटल्याला कसं मारेल?

हातभर खालचं पाणी बुडबुडा न जाऊ देता काचेच्या बाटलीत भरलं. आधी मँगनस सल्फेट, मग आयोडाइडचं द्रावण, बूच लावून उलटसुलट केलं. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो, जितका जास्त तितका गडद. इथं ताकासारखा पांढरा. दोन मिनिटं थांबले, तरी पांढराच.

चांगल्या पाण्यातसुद्धा लिटरला सात-आठ मिलिग्रॅमच प्राणवायू असतो. तीनच्या खाली मासा कासावीस होतो. हिरव्या पाण्यातलं शेवाळ प्राणवायू दिवसा उन्हात तयार करतं आणि रात्री स्वतःच ओढून घेतं. ढगांमुळे तीन दिवस जमा कमी, खर्च मात्र चालूच.

तात्यांनी बोअरचा पाइप सरळ पाण्यात सोडला होता. बोअरच्या पाण्यात प्राणवायू बहुधा कमीच, त्यामुळे तो उंच धरून फवारा मारायला लावला. तेवढ्यात ज्याच्या नावानं शिव्या चालल्या होत्या तोच डिझेल इंजिन घेऊन आला. तळ्याचंच वरचं पाणी उचलून हवेत उडवत राहिलो. दहाच्या सुमारास मचमच थांबली, उरलेले मासे खाली गेले.

चहा आला तेव्हा मला सांगावंच लागलं. पाणी हिरवं व्हावं म्हणून शेण टाका, हे मीच सांगितलं होतं. शेण कुजतानाही प्राणवायू खातं. ढगाळ हवेत ते बंद करा, हे मात्र माझ्याकडून सांगायचं राहिलं होतं.

तात्या बाटलीकडं बघत राहिले. "म्हंजे शेणानं मारलं म्हणा की." मग दुसरा कप त्यांनी इंजिनवाल्याकडं सरकवला, न बोलता.