तीस सेकंदांची घाई

सेलूकडचे एक शेतकरी कॅरीबॅगमध्ये टोमॅटोची पानं घेऊन एसटीनं परभणीला आमच्या प्रयोगशाळेत आले. पानांवर वलयावलयांचे डाग. करपा ओळखायला सूक्ष्मदर्शकही नको होता.

"मॅडम, ॲझॉक्सीच्या तीन फवारण्या झाल्या. दुकानदार म्हनतो, बुरशी आता औषधाला आयकतच नाही. खरंय का?"

खरं असूही शकत होतं. ॲझॉक्सी, म्हणजे ॲझॉक्सीस्ट्रोबिन हे बुरशीनाशक, १९९६ मध्ये बाजारात आलं आणि १९९८ मध्येच जर्मनीत गव्हाची भुरी त्याला जुमानेनाशी झाली. हे औषध बुरशीच्या मायटोकॉन्ड्रियातल्या सायटोक्रोम बी या प्रथिनाला धरतं आणि ऊर्जा तोडतं. त्या प्रथिनात १४३व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी ॲलनीन आलं की पकड सुटते. त्याला डीएनएतलं एकच अक्षर बदललं तरी पुरतं. ते वाचलं की निकाल, असं मला वाटलं.

अल्टरनेरिया, म्हणजे करप्याची बुरशी, वाढवली, एका बीजाणूपासून शुद्ध केली, पीसीआर लावला, म्हणजे जनुकाच्या तेवढ्याच तुकड्याच्या प्रती काढायला घेतल्या. त्यांची पट्टी जिथं दिसायची ती जेल कोरी. पुन्हा लावला, पुन्हा कोरी. सरांनी नेहमीप्रमाणे ज्युनिअर मुलीवर ढकललं: डीएनए खराब. पण त्याच डीएनएवर आयटीएसची, म्हणजे बुरशीची जात ओळखायच्या दुसऱ्या तुकड्याची, पट्टी लख्ख येत होती, आणि मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या तर पेशीत ढीगभर प्रती असतात.

त्याच संध्याकाळी शेतकऱ्यांचा फोन आला. मी बोलून गेले, "जनुकात काहीतरी गडबड दिसतेय."

तिसऱ्या वेळी एक्स्टेन्शनची, म्हणजे पीसीआरमधल्या एन्झाइमला प्रत लिहायला दिलेली, वेळ तीस सेकंदांवरून दोन मिनिटं केली. पट्टी आली, पण अपेक्षित तीनशे अक्षरांच्या जागी नाही. पार वर, हजाराच्या पुढे. सर म्हणाले, कंटॅमिनेशन. आमच्याकडे न कळलेल्या प्रत्येक पट्टीचं तेच नाव आहे.

सिक्वेन्स आला तेव्हा १४३व्या जागेला अगदी लागून एक इन्ट्रॉन, म्हणजे प्रथिनात न उतरणारा जनुकातला तुकडा, ठाण मांडून बसला होता. बुरशांचे मायटोकॉन्ड्रियल जीनोम अशा इन्ट्रॉननी फुगतात: माणसाचा १६,५६९ अक्षरांचा, तर बटाट्यावरच्या रायझोक्टोनिया या बुरशीचा २,३५,८४९. आमची तीस सेकंदं हा इन्ट्रॉन नसलेल्या चुलत जातीसाठी बसवलेली. तेवढ्यात एन्झाइम पलीकडे पोचतच नव्हतं. ज्युनिअर मुलीची काही चूक नव्हती, हे सरांनी तिला अजून सांगितलेलं नाही.

पेशी हा इन्ट्रॉन कापून टाकते, आणि कापायची खूण १४३च्याच अक्षरांत अडकलेली. ते अक्षर बदललं तर काप बिघडतो, प्रथिन बनत नाही, बुरशीच मरते. ज्या बदलाचा मला संशय, तो हिला परवडणाराच नव्हता! पकड थोडी सैल करणारी दुसरी जागा १२९ची. तिथंही मूळचंच अक्षर. तरी औषध घातलेल्या प्लेटवर बीजाणू टाकून पाहिले. सोबत सॅलिसिलहायड्रॉक्सॅमिक ॲसिड घातलं, नाहीतर बुरशी श्वसनाची आडवाट धरते आणि आपल्याला फसवते. एकही बीजाणू उगवला नाही.

मग फोन करून नीट विचारलं. हे आधी विचारायला हवं होतं. पहिली फवारणी करपा मधल्या पानांपर्यंत चढल्यावर. हे औषध बीजाणू उगवताना अडवतं, डाग पडून गेल्यावर त्याचा फारसा जोर चालत नाही. शिवाय त्याच पंपात विद्राव्य खत, कीटकनाशक आणि दुकानदारानं भिडेखातर गळ्यात मारलेलं टॉनिक.

"बाटली आहे का?"

"फेकली. प्लॉटबी मोडला की. तुम्हीच म्हनलात ना, जनुकात गडबड हाय."

मला पुढं बोलायला सुचेना. त्यांनीच विचारलं, "आता हरभरा टाकलाय मॅडम. मर लागली तर पानं आणू का मुळं?"

मुळं आणा, म्हटलं. मातीसकट.