चार दिवस पुढचा लॅपटॉप

आज लॅपटॉपच्या उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) टोर ब्राउझर, म्हणजे ओळख लपवून इंटरनेट वापरायचा ब्राउझर, बसवताना सुट्टीची अख्खी दुपार गेली. टोरला जोडतानाची पट्टी थोडी सरकायची आणि थांबायची. आधी वायफायवर संशय. मग चिडून सुडो लावून (म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याने) पाहिलं, तर त्याने सरळ हाकलून लावलं: रूट म्हणून चालवायचं नाही! (बरोबरच आहे म्हणा.) मग 9050 की 9150 या पोर्टच्या (प्रोग्रॅमशी जोडायच्या क्रमांकाच्या) घोळात एक तास. टर्मिनलमधून चालणाऱ्या टोरचा पहिला, ब्राउझरचा दुसरा. इथे त्याचा काही संबंधच नव्हता.

शेवटी लॉग, म्हणजे टोरने स्वतःच लिहिलेली नोंद, वाचला. जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते. घड्याळ चुकलंय, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं! मागच्या आठवड्यात एका स्क्रिप्टच्या चाचणीसाठी मीच तारीख चार दिवस पुढे ढकलली होती. वेळ बरोबर दिसायची, तारखेकडे बघतंय कोण? बाकी वेबसाइट निमूट उघडत होत्या. टोरचं तसं नाही. त्याच्या रिलेंची (ज्या सर्व्हरांमधून तो माहिती फिरवतो त्यांची) यादी दर तासाला नवी निघते, थोड्याच तासांत शिळी होते. माझ्या लॅपटॉपला ताजी यादीही शिळीच वाटत होती.

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू, ही घड्याळ इंटरनेटवरून आपोआप लावून घ्यायची आज्ञा दिली. मिनिटभरात जोडलं गेलं.

आई म्हणाली, "भिंतीवर कॅलेंडर आहे की रे."